रानातली किडनी

किडनीच्या आजारांवर मराठीत जे लिहिलं जातं, ते बहुतेक वेळा शहरातला माणूस डोळ्यांसमोर ठेवून. शुगर सांभाळा, बीपी सांभाळा, मीठ कमी करा, वर्षातून एकदा क्रिएटिनिन तपासा. सल्ला योग्यच आहे. पण चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांत किडनीवर जे ओढवतं, त्यातलं बरंच काही या सल्ल्यात बसत नाही. इथे मे महिन्यात पारा ४७ अंशांच्या घरात जातो आणि नेमक्या त्याच दिवसांत कुटुंबंच्या कुटुंबं तेंदूपत्ता तोडायला रानात असतात. काही गावांच्या बोअरिंगच्या पाण्यात फ्लोराइड आहे. रोवणीच्या दिवसांत घोणस चावते, पावसाळ्यात फाल्सिपेरम मलेरिया येतो आणि कित्येक घरांत सिकलसेल आईबापांकडूनच आलेला असतो. यातलं प्रत्येक संकट किडनीच्या वेगळ्या जागी घाव घालतं. घाव कुठे बसतो हे समजलं, की तो कुठे अडवायचा हेही समजतं. म्हणून आधी अवयवाच्या आत जाऊ.

दोन्ही किडन्या मिळून वजन पाव किलोहून थोडं जास्त. तरी हृदयातून निघणाऱ्या रक्तातला सुमारे पाचवा हिस्सा, म्हणजे मिनिटाला लिटरभर रक्त, या दोघींकडे जातं. प्रत्येकीत सरासरी दहा लाखांच्या आसपास नेफ्रॉन असतात. नेफ्रॉनच्या टोकाला केसाहून बारीक रक्तवाहिन्यांचा गुंता, गुंत्याभोवती वाटी आणि वाटीतून निघालेली लांब, वळणावळणाची नळी. गुंत्यातून रक्ताच्या दाबामुळे पाणी, क्षार, साखर, युरिया असं सगळं बाहेर येतं; रक्तपेशी आणि मोठी प्रथिनं तेवढी आत राहतात. चोवीस तासांत असं १८० लिटर पाणी गाळलं जातं. रक्तातला पातळ भाग जेमतेम तीन लिटर, म्हणजे तोच दिवसातून साठेक वेळा गाळून निघतो. लघवी मात्र होते दीड लिटर. उरलेलं सगळं नळी परत रक्तात घेते.

किडनीला चाळणी म्हणण्याची आपल्याकडे पद्धत आहे, पण त्यातून अर्धीच गोष्ट कळते. दिवाळीच्या साफसफाईला घरातलं सगळं सामान अंगणात काढावं आणि मग हवं तेवढंच निवडून परत आत न्यावं, तसं हे काम चालतं. यात एक फार मोठा फायदा आहे: अंगणात गेलेला नवा, अनोळखी पदार्थ किडनीला ओळखावा लागत नाही. आत न्यायच्या यादीत तो नसला, की आपोआप बाहेर जातो. तोटाही याच रचनेत आहे. परत नेण्याचं काम नळीच्या पेशी अखंड करत असतात, त्यांना त्यासाठी भरपूर प्राणवायू लागतो आणि पाणी शोषलं गेल्यावर उरलेलं गाढ विष त्यांच्याच अंगाला लागतं. रक्तदाब कोसळला किंवा रक्तात विष आलं, की पहिल्या मरतात त्या या पेशी. पुढे सर्पदंशापाशी आणि मलेरियापाशी हीच गोष्ट पुन्हा येणार आहे.

किडनीची बाकीची कामंही लहान नाहीत. रक्तदाब राखणारं रेनिन ती सोडते, हाडांतल्या मज्जेला लाल पेशी बनवायला लावणारं एरिथ्रोपोएटिन तीच बनवते, ड जीवनसत्त्व कामाला लावते. म्हणून किडनी थकलेल्या माणसाचं रक्त कमी होतं, हाडं दुखतात, बीपी चढतं. आणि गावात त्याला नुसती अशक्तपणाची सलाईन लागते. खाली मूत्रवाहिन्या लाटेसारख्या आकुंचन पावत लघवी मूत्राशयात ढकलतात. मूत्राशयात चार-पाचशे मिलिलिटर सहज मावते, निम्मं भरलं की जाणीव होते. बाईचा मूत्रमार्ग जेमतेम चार सेंटिमीटर, पुरुषाचा त्याच्या पाचपट. जंतू वर चढायला बाईच्या शरीरात अंतरच नाही.

आता ऊन. नळी मध्येच एक खोल वळसा घेते, किडनीच्या आतल्या गाभ्यापर्यंत उतरून पुन्हा वर येते. याकोब हेन्ले यांनी १८६२ मध्ये त्याचं वर्णन केलं, त्यांच्याच नावाने तो ओळखला जातो. या वळशामुळे गाभ्यात क्षार साठतात आणि तो रक्ताच्या चौपट खारट होतो. शरीरात पाणी कमी पडलं की मेंदूच्या तळाशी असलेल्या ग्रंथीतून व्हॅसोप्रेसिन सुटतं, नळीच्या शेवटच्या भागाची दारं उघडतात आणि पाणी त्या खारट गाभ्याकडे ओढलं जातं. लघवी गाढ होते, पाणी वाचतं. आकड्यांत सांगायचं तर निरोगी किडनी लघवी लिटरला १२०० मिलिऑस्मोलपर्यंत (विरघळलेल्या कणांचं हे माप) गाढ करू शकते. दिवसभराचा साधारण ६०० मिलिऑस्मोल कचरा त्यामुळे अर्ध्या लिटर लघवीत मावतो. त्याहून कमी लघवीत तो मावतच नाही, कितीही काटकसर केली तरी.

तेंदूच्या हंगामात या यंत्रणेवर काय येतं ते पाहा. पहाटे अंधारात निघायचं, पानं तोडत चार-पाच तास रानात, डोक्यावर गठ्ठा घेऊन परत. दुपारी मांडवाखाली किंवा ओसरीत बसून सत्तर सत्तर पानांची पुडकी बांधायची. संध्याकाळी फळीवर, म्हणजे खरेदीच्या जागी, नेऊन मोजून द्यायची. उन्हात कष्ट करताना तासाला लिटरभर घाम सहज जातो. सोबत नेलेली बाटली सकाळी आठलाच रिकामी होते, आणि वाघाच्या मुलखात पाण्यासाठी एकट्याने नाल्याकडे उतरायची सोय नसते. बाया तर पाणी मुद्दाम कमी पितात, कारण सोबतीला परके पुरुष असतात आणि आडोसा नसतो. संध्याकाळी लघवीला जळजळ होते, ती उन्हाळी लागली म्हणून सोडून दिली जाते.

गाढ लघवीत कॅल्शियम ऑक्झलेटचे आणि युरिक आम्लाचे स्फटिक धरतात, त्यातून मुतखडा. तो निदान दुखून स्वतःची वर्दी देतो. न दुखणारी इजा अधिक वाईट. २००२ मध्ये एल साल्वाडोरमधल्या डॉक्टरांनी लिहिलं की समुद्रकाठच्या उसाच्या भागातून तरुण मजूर किडनी निकामी होऊन येताहेत आणि त्यांना ना मधुमेह आहे ना रक्तदाब. पुढे निकाराग्वातही तेच दिसलं. कारणांवर अजून वाद आहे. कीटकनाशकं, जड धातू, वेदनाशामक गोळ्या अशा सगळ्यांवर संशय आहे. पण रोज उन्हात सुकून जाणं हा त्यातला मोठा धागा आहे, असं मानणारे संशोधक वाढत गेले आणि तिथल्या उसाच्या मळ्यांत पाणी, विश्रांती, सावली या तीन गोष्टी कामाच्या वेळापत्रकात घातल्या गेल्या. आपल्या आसपासही कारण नीट न सापडलेल्या किडनीच्या आजाराची ठिकाणं आहेत: आंध्रातलं उद्दानम, गडचिरोलीच्या शेजारच्या छत्तीसगडमधलं सुपेबेडा. विदर्भातच अकोला-अमरावती-बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यातले लोक वर्षानुवर्षं खाऱ्या पाण्याकडे आणि किडनीच्या रुग्णांकडे बोट दाखवत आलेत. चंद्रपूरच्या कोळसा खाणी, सिमेंटचे कारखाने, वीटभट्ट्या आणि तेंदूची फळी इथल्या मजुरांचं क्रिएटिनिन हंगामाच्या आधी आणि नंतर तपासणं हे काही खर्चिक संशोधन नव्हे. ते व्हायलाच हवं असं माझं ठाम मत आहे.

या उन्हात सिकलसेल आला की गणित पारच फिरतं. या भागातला किडनीचा सगळ्यात दुर्लक्षित प्रश्न मला हाच वाटतो, म्हणून इथे जरा थांबायला हवं. विदर्भात सिकलसेल असल्याची नोंद नागपूरच्या डॉक्टर शुक्ला आणि सोलंकी यांनी १९५८ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये केली. गोंड, माडिया, परधान या आदिवासी समाजांत आणि अनुसूचित जातींत तो मोठ्या प्रमाणावर आहे. या आजारात लाल पेशीतलं हिमोग्लोबिन प्राणवायू कमी झाला, आम्लता वाढली किंवा पेशीतलं पाणी कमी झालं की कडक होतं आणि पेशी कोयत्यासारखी वाकते. आता किडनीचा तो खारट गाभा आठवा. तिथे प्राणवायू कमी, आम्लता जास्त आणि खारेपणा इतका की पेशीतलं पाणी बाहेर ओढलं जातं. सिकलपेशी वाकायला लागणाऱ्या तिन्ही गोष्टी शरीरात एकाच जागी, आणि त्याही रोज, तब्येत ठणठणीत असताना. पेशी वाकतात, गाभ्यातल्या बारीक वाहिन्या तुंबतात, हळूहळू गाभा मरत जातो.

त्याचा पहिला परिणाम लहानपणीच दिसतो: लघवी गाढ करण्याची ताकद जाते. सिकलग्रस्ताची किडनी लिटरला साधारण ४०० मिलिऑस्मोलच्या पुढे जाऊ शकत नाही. तोच ६०० मिलिऑस्मोल कचरा टाकायला निरोग्याला अर्धा लिटर लघवी पुरते, याला दीड लिटर लागते. घाम वेगळा, नुसत्या लघवीपायी हा माणूस रोज एक लिटर पाणी जास्त गमावतो, आणि ते थोपवणं त्याच्या हातात नसतं. चंद्रपूरच्या मे महिन्यात हे लिटर भरून निघालं नाही की शरीर सुकतं, सुकलं की पेशी आणखी वाकतात, आणि हातापायांत, पाठीत, छातीत ती असह्य कळ सुरू होते जिला सिकलसेलचा क्रायसिस म्हणतात.

यातून निघणारी एक गोष्ट प्रत्येक आश्रमशाळेत सांगायला हवी. लघवी पिवळी झाली की पाणी प्या, हा उन्हाळ्यातला सल्ला सिकलग्रस्त मुलाला लागू पडत नाही. त्याची लघवी तो सुकत चाललेला असतानाही पाण्यासारखी असते. रंगावर विसंबलं तर तो धोक्यात जाईपर्यंत कुणाला कळणार नाही. त्याने घड्याळ पाहून प्यायचं, तहान लागो न लागो. वसतिगृहात रात्री अंथरूण ओलं करणाऱ्या मुलाला ओरडा बसतो, कधी मारही. त्यातल्या काहींची किडनी रात्री लघवी अडवू शकतच नाही. अशा मुलाची आधी सिकलसेलची तपासणी व्हावी. वाहकांचा, म्हणजे ज्यांच्यात एकच सिकल जनुक आहे त्यांचा, त्रास बराच कमी. पण लघवी गाढ करण्याची ताकद त्यांच्यातही घटते आणि कधी लघवीतून रक्त जातं.

पुढच्या वयात सिकलसेल गुंत्यावर, म्हणजे गाळणाऱ्या भागावर जातो. तरुणपणी किडनी गरजेपेक्षा जास्त गाळते, क्रिएटिनिन छान कमी येतं, सगळे निर्धास्त राहतात. मग लघवीतून प्रथिन झिरपायला लागतं. सरकारने १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलहून सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू केलं, २०४७ चं उद्दिष्ट ठेवलं. त्याखाली गावोगाव रक्ताच्या तपासण्या होतात. सापडलेल्या प्रत्येक रुग्णाची वर्षातून एकदा लघवीतल्या प्रथिनांची तपासणी झाली, तर कित्येकांच्या किडन्यांना दहा-पंधरा वर्षं जास्त मिळू शकतील, कारण या टप्प्यावर देता येणारी औषधं आहेत आणि ती महाग नाहीत.

पाण्याचा प्रश्न चंद्रपूरच्या पश्चिमेकडच्या तालुक्यांत, वरोरा, राजुरा, कोरपना या बाजूला, आणि पलीकडे यवतमाळच्या पांढरकवडा-झरी जामणीत जास्त आहे. खडकातलं फ्लोराइड खोल बोअरिंगच्या पाण्यात उतरतं. भारतीय मानकाप्रमाणे लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत ठीक, दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत. पिवळे-तपकिरी पट्टे पडलेले दात आणि आखडलेले सांधे यांवरून फ्लोरोसिस लोकांना माहीत झाला आहे. किडनीशी त्याचं नातं मात्र फारसं सांगितलं जात नाही. पोटात गेलेल्या फ्लोराइडपैकी निम्म्याच्या आसपास मोठ्या माणसाच्या किडन्या लघवीवाटे बाहेर टाकतात. किडनी आधीच थकलेली असेल तर ते साठत जातं, म्हणून एकाच विहिरीचं पाणी पिणाऱ्या दोघांत किडनीचा रुग्ण आधी वाकतो. शिवाय मानक ठरवताना माणूस दिवसाला किती पाणी पितो हे गृहीत धरावं लागतं. ४७ अंशांत काम करणारा पाच-सहा लिटर पितो, तेव्हा त्याच पाण्यातून त्याच्या पोटात दुप्पट-तिप्पट फ्लोराइड जातं. पाणी भरपूर प्या असं सांगणाऱ्याने कुठलं पाणी, हेही सांगायला हवं. उकळून फ्लोराइड जात नाही, उलट पाणी आटल्याने त्याचं प्रमाण वाढतं.

पावसाबरोबर किडनीचे तडकाफडकी होणारे आजार येतात. धानाच्या बांध्यांत रोवणी चालू असते, बांधावरच्या गवतात घोणस असते. तिचं विष रक्त गोठवणारे घटक इतक्या झपाट्याने संपवतं की आधी गुंत्यांतल्या बारीक वाहिन्यांत गुठळ्या होतात आणि मग सगळं रक्त पातळ होऊन वाहायला लागतं. रक्तदाब पडतो, नळीच्या पेशींना प्राणवायू मिळत नाही, वर फुटलेल्या लाल पेशींचा रंग नळ्यांत जाऊन बसतो. दिवस-दोन दिवसांत लघवी कमी होते, काळसर होते, बंद पडते.

हे विष ओळखायची तपासणी कुठल्याही प्राथमिक आरोग्य केंद्रात होऊ शकते. काचेची नवी, कोरडी परीक्षानळी घ्यायची, तिच्यात रुग्णाचं दोन मिलिलिटर ताजं रक्त घालायचं आणि वीस मिनिटं हात न लावता ठेवायचं. मग नळी एकदाच तिरकी करायची. गोठलं असेल तर गोळा जागेवर राहतो. पाण्यासारखं वाहिलं तर घोणशीचं किंवा फुरशाचं विष आहे, प्रतिविष लगेच सुरू करायचं. प्लास्टिकची किंवा साबणाने धुतलेली नळी वापरली तर उत्तर खोटं येतं, कारण रक्त गोठायला काचेचा स्वच्छ पृष्ठभाग लागतो. आपल्याकडचं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही सापांवर चालतं, पण ते रक्तात फिरणारं विषच निकामी करतं. किडनीत झालेली इजा त्याने भरून येत नाही. पुजाऱ्याकडे झाडफूक करण्यात गेलेले तीन-चार तास म्हणूनच एवढे महाग पडतात. आणि प्रतिविष मिळून घरी आलेल्या रुग्णाची लघवी पुढचे दोन-तीन दिवस मापून ठेवावी, हे सांगायला घाईत नेमकं राहून जातं.

राज्यातल्या मलेरियाचा मोठा वाटा वर्षानुवर्षं एकट्या गडचिरोलीचा आहे, त्यातही फाल्सिपेरमचा. त्याने ग्रासलेल्या लाल पेशी वाहिन्यांच्या भिंतींना चिकटतात, फुटतात. कधी लघवी काळ्या चहासारखी होते. तापाच्या पहिल्या दिवशी बोटाच्या थेंबावर रॅपिड किट आणि पॉझिटिव्ह आलं की आर्टेमिसिनिनची गोळी, हा किडनीचाही उपचारच आहे. गावातल्या इंजेक्शनवाल्याने तापावर टोचलेलं डायक्लोफिनॅक त्याच्या अगदी उलट काम करतं: सुकलेल्या शरीरात गुंत्याकडे जाणारी रक्तवाहिनी ज्या संदेशावर उघडी राहते तोच संदेश ते बंद करतं. सर्पदंश आणि मलेरिया या दोन्हींत दिलासा देणारी बाब अशी की नळीच्या पेशी पुन्हा उगवतात. दोन-तीन आठवडे डायलिसिसवर तग धरला तर बहुतेकांची किडनी परत चालू होते. किडनीचा बाहेरचा थरच मेला असेल तर मात्र ती परत येत नाही.

काही जणांची शिदोरी जन्मतःच कमी असते. नेफ्रॉन आईच्या पोटात छत्तिसाव्या आठवड्यापर्यंतच तयार होतात, नंतर आयुष्यात एकही नवा होत नाही. कमी वजनाच्या बाळात ते कमी असतात आणि मोठेपणी बीपीचा, किडनीच्या आजाराचा धोका वाढतो. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने नव्वदच्या दशकात गडचिरोलीच्या ३९ गावांत आरोग्यदूतांकडून बाळांची वजनं केली, तेव्हा सुमारे चाळीस टक्के बाळं अडीच किलोच्या खाली होती. ती बाळं आज तिशीच्या आसपास आहेत. आदिवासींना बीपी होत नाही हा समजही आता टिकत नाही: आदिवासी आरोग्यावरच्या केंद्राच्या तज्ज्ञ समितीने, डॉ. अभय बंग यांच्या अध्यक्षतेखाली, २०१८ मध्ये दिलेल्या अहवालात चारातल्या एका प्रौढाला बीपी असल्याचं म्हटलं आहे. डॉ. राणी बंग यांनी १९८९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये मांडलेला अभ्यासही इथे आठवतो. गडचिरोलीच्या दोन गावांतल्या ६५० बायकांपैकी ९२ टक्क्यांना स्त्रीरोग होता आणि त्यातल्या बहुतेकींची तोवर कधी तपासणीच झालेली नव्हती. लघवीची जळजळ सोसत राहणाऱ्या बायांचं आजही तेच होतं.

तपासणी कुठली करावी? माझा कौल लघवीच्या पट्टीला. बोटभर लांबीची, रंगीत चौकोनांची पट्टी लघवीत बुडवून मिनिटभर थांबायचं. प्रथिन, रक्त, साखर, जंतुसंसर्गाची खूण असं सगळं रंगावरून कळतं. उपकेंद्रातली एएनएम ती वाचू शकते, वीज लागत नाही. क्रिएटिनिन हवंच, पण इथे ते फसवतं. ते स्नायूंतून येतं, आणि चाळीस किलोच्या, वाळलेल्या बाईत स्नायूच कमी. तिचं क्रिएटिनिन १.१ आलं तर छापील कागदावर ते ठीक दिसेल, तिच्या किडनीचं काम मात्र बरंच घटलेलं असू शकतं. वय आणि लिंग धरून हिशेब केल्याशिवाय नुसता आकडा रुग्णाच्या हाती देऊ नये.

आणि ज्यांची किडनी गेलीच, त्यांचं काय? डायलिसिस महात्मा फुले योजनेत मोफत होतं, २०१६ पासून केंद्राचा राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमही आहे. पैशापेक्षा रस्ता मोठा. भामरागडहून गडचिरोलीचं जिल्हा रुग्णालय पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास. आठवड्यातून तीनदा जायचं म्हणजे हजार किलोमीटर प्रवास, मजुरी बुडवून, सोबत एक माणूस घेऊन. पर्लकोटा नदीला पूर आला की पुलावरून पाणी जातं आणि भामरागड तुटतं. रक्तातलं पोटॅशियम पूर ओसरायची वाट पाहत नाही. मूत्रपिंड प्रत्यारोपणासाठी नागपूर गाठावं लागतं, दाता लागतो, जन्मभर औषधं लागतात.

अशा मुलखासाठी पोटाचं डायलिसिस हा मार्ग मला जास्त जवळचा वाटतो, आणि २०१९ मध्ये केंद्राने त्यासाठी मार्गदर्शक सूचनाही काढल्या. पोटात एक मऊ नळी कायमची बसवतात. तिच्यातून दोन लिटर द्रव आत सोडायचा, चार-सहा तास ठेवायचा, पोटाच्या आतल्या पडद्यातून कचरा त्यात उतरला की काढून टाकायचा. दिवसातून तीन-चार वेळा, घरीच. यंत्र नाही, वीज नाही, प्रवास महिन्यातून एखादा. भीती जंतुसंसर्गाची, त्यासाठी हात धुवायला स्वच्छ पाणी, एक कोरडी बंद खोली आणि नीट शिकवलेलं घरातलं एक माणूस लागतं. कुडाच्या घरात ही खोली नसते, तेव्हा ती प्राथमिक आरोग्य केंद्रात हवी. बाळंतपण जवळ आलेल्या बाईला आधीच केंद्राजवळ आणून ठेवण्यासाठी इथे माहेरघरं आहेत. तशीच एक खोली या रुग्णांना देता येईल. पावसाळ्याच्या आधी दुर्गम गावांत धान्य पोचवून ठेवण्याची पद्धतही आहे. डायलिसिसचा द्रवही तसाच आधी पोचवावा. रोज दोन लिटरच्या तीन पिशव्या धरल्या तर एका रुग्णाला चार महिन्यांसाठी ३६० पिशव्या लागतात, वजन सातशे किलोच्या वर. एका छोट्या टेम्पोत मावेल एवढा हा माल जूनच्या पहिल्या पावसाआधी पर्लकोटेच्या पलीकडे जायला हवा.